मध्येच घातलेली तळटीप

“परीक्षक म्हणतात, मी संदर्भ बनवलेत.” एवढं बोलून शोभाबाई माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या.

त्यांचा एम.फिल.चा प्रबंध मीच टाइप केला होता, घाटकोपरच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये. माझी शाळा आठवीत सुटलेली. मालवणहून आलो तेव्हा इन्स्टिट्यूटच्या सामंत सरांनी टायपिंग शिकवलं, राहायला जागा दिली. प्रबंध टाइप करून करून तळटीप मला पक्की कळली होती. मजकूर कुठल्या पुस्तकातला, कितवं पान, ते खाली द्यायचं. लगेच तेच पुस्तक पुन्हा आलं तर नुसतं ‘तत्रैव’, म्हणजे वरचंच. एम.ए.ची मुलंही हे माझ्याकडून शिकून जायची. त्याचा मला थोडा माज होता.

बाईंची कॉलेजातली पर्मनंट जागा याच डिग्रीवर अडली होती.

त्या गेल्यावर मी कार्बन कॉपी काढली. बाइंडिंगच्या आदल्या दिवशी बाईंनी एक नवी तळटीप आणली होती. मीच म्हणालो होतो, “घाबरू नका, एकच पान बदलतो.” बदललं. पण पुढच्या पानावरचे सात ‘तत्रैव’ जुन्या पुस्तकाचे होते. आता त्यांच्या वर नवं पुस्तक येऊन बसलं होतं. सातही संदर्भ खोटे ठरले.

सरांना सांगितलं. रागावले की ते मालवणीत येत.

“तू गप रव. कॉलेजाक कळला तर हय एक प्रबंध येवचो नाय.”

“सर, बाईंना लबाड म्हणतायत.”

“आणि तुका काय म्हणतले?”

दुसऱ्या दिवशी जुनं आणि नवं पान घेऊन मी बाईंच्या गाइडकडे गेलो. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली.

“शिक्षण किती तुमचं?”

“आठवी.”

“मग तत्रैव कुणी शिकवलं?”

“तुमच्याच विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनी.”

ते हसले नाहीत.

लबाडीचा आरोप गेला. प्रबंध मात्र दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला. तोवर जागा भरली गेली होती. बाई दुरुस्तीला आल्या, शेजारी बसून प्रत्येक पान वाचलं. “हे मी तेव्हाच करायला हवं होतं,” एवढंच म्हणाल्या.

त्या कॉलेजचं काम बंद झालं. आमच्या दोन मशीनवर कव्हरं चढली. सरांनी मला काढलं नाही. दुपारी नेहमीसारखं विचारलं, “जेवलास?”

आता इतर कॉलेजांतून येणाऱ्या मुलांना सांगतो, तत्रैव लिहू नका. दर वेळी पुस्तकाचं पूर्ण नाव लिहा, पान लिहा. टाइप करताना बोटं माझी दुखतात. दुखू देत.