आईने न दिलेली रद्दी

आमच्या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट खोटी आहे. ती मी रचली.

दादाला जाऊन आज वर्ष झालं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अलीकडे खराडीतल्या आयटी कंपनीत मोठा साहेब, लहानपणी सदाशिव पेठेत रस्त्यावरच्या रिकाम्या काडेपेट्या उचलणारा मुलगा.

पेट्यांवरचे छाप पाण्यात भिजवून सोडवायचा, आईच्या पोळपाटावर वाळवायचा, वहीत चिकटवायचा. मोर, वाघ, विमान, किल्ली. अशा सात वह्या.

पुढे कंपनीने त्याला सहा महिने अमेरिकेला पाठवलं, आणि नेमके तेव्हाच आम्ही पेठेतल्या दोन खोल्या सोडून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आलो.

मी संस्कृत घेऊन एम.ए. करत होते. माझ्या शब्दकोशाच्या जाडजूड खंडांना जागा हवी होती.

सातही वह्या मी रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवल्या.

तो कोश आता मोबाइलवर फुकट मिळतो. असो.

दादा परतला. बॅग उघडायच्या आधी म्हणाला, "माझ्या वह्या कुठायत गं?"

"आईने रद्दीत दिल्या."

आई मेथी निवडत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हो रे," ती म्हणाली. "आवराआवरीत गेल्या बघ."

नंतर ओट्यापाशी मला हळूच म्हणाली, "सवड काढून सांग त्याला."

दादा चिडला नाही. त्याने फक्त नव्या कपाटाला कुलूप लावलं.

"आई, माझं कपाट तू आवरू नकोस हं."

आई ते कपाट शेवटपर्यंत बाहेरूनच पुसत राहिली.

आणि मला सवड मिळेना. आधी परीक्षा, मग लग्न, मग कॉलेजातली नोकरी. प्रायश्चित्ताचे सगळे प्रकार वर्गात शिकवले. स्वतः एकही केलं नाही.

आई गेली. मग इंटरनेटवर दादाला कळलं, की त्याच्या वहीतल्या मोरासाठी संग्राहक लोक त्याच्या पहिल्या पगाराहून जास्त मोजतात.

तेव्हापासून दर वर्षी आईच्या श्राद्धाला, खीर वाढून झाली की तो सुरू व्हायचा.

"आमच्या मातोश्रींनी मला किलोच्या भावात कंगाल केलं."

सगळे हसायचे. मीही हसायचे. न हसून सांगणार काय?

एकदा धीर करून म्हटलं, "दादा, त्या वह्यांबद्दल एक सांगायचं होतं."

"काय शास्त्रीबाई, श्लोक आहे का त्यावर?"

मी "आहे" म्हणाले. आणि खरंच एक म्हणून दाखवला.

गेल्या वर्षी तो अचानक गेला. रडता रडता मनात आलं, सुटले. आता सांगायला कोणी उरलंच नाही.

आज वर्षश्राद्धाच्या पंगतीत निखिलने, दादाच्या मुलाने, तीच गोष्ट सांगितली. अगदी बापाच्या आवाजात.

निखिलची चार वर्षांची मुलगी ऐकत होती. तिने विचारलं, "पणजीआजी वाईट होती?"

सगळे हसले. माझ्या हातात खिरीचा डाव होता. मी तिला आणखी थोडी खीर वाढली.

त्या पोरीला पणजीबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत आहे.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोरासमोर मी पुन्हा श्लोकच म्हटला असता.

निखिल, वह्या मी दिल्या. तुझ्या आजीने नाही. लेकीला हे वाचून दाखव.

दादा, नमस्कार.

आईला सांग, सवड मिळाली.