मशीनला हात लावून

जळक्या ऑइलचा आणि उदबत्तीचा वास एकत्र आला की मला उद्यमनगरातलं आमचं छोटं वर्कशॉप आठवतं. नव्वदच्या दशकात वडील तिथं एकटेच लेथ मशीन चालवायचे. सकाळी मशीन पुसायची, उदबत्ती ओवाळायची, तिला लावलेला हात कपाळाला टेकवायचा आणि मगच बटण दाबायचं, हा त्यांचा रोजचा नेम. एका पावसाळ्यात त्याच मशीननं त्यांच्या करंगळीचं पेर नेलं. जखम पुरती सुकली नव्हती तरी ते कामावर गेले. मागोमाग आई आणि मी डबा घेऊन पोचलो, तर त्यांचा नमस्कार चाललेला, फक्त डाव्या हातानं. आई दारातूनच म्हणाली, "बोट खाल्लं की तिनं, आणि तुमी तिच्याच पाया पडतायसा?" उदबत्ती खोचत वडील म्हणाले, "बाकीची ठेवली न्हवं." मग तिच्या हाताकडं बघून म्हणाले, "तू तुझ्या स्टोला काय करतीस?" आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत स्टोच्या भडक्यानं भाजल्याचा जुना डाग होता, आणि त्याच स्टोला ती रोज रात्री पुसून हळदीकुंकू लावायची.  तिनं डबा ठेवला आणि पदर ओढून हात झाकला. पुढं मशीन भंगारात गेली, स्टोही गेला. मी देवाधर्माचं फारसं काही करत नाही. सकाळी स्कूटर काढताना मात्र हँडलला लावलेला हात आपोआप कपाळाला जातो. माझ्या गुडघ्यात रॉड आहे तो तिच्यामुळंच.