फोटोची कापलेली कड

नलूताईंचं बोट मोबाईलवर फिरत होतं आणि मोबाईल त्यांना आमचा ब्लॉग वाचून दाखवत होता. मध्येच तो नुसतंच "फोटो" म्हणाला. बोट थांबलं, उंबऱ्याशी थबकलेल्या पाहुण्यासारखं, आणि पुढे सरकलं. ते थांबणं मला सोसवेना.

अपंगत्व आणि तंत्रज्ञान यांवर नलूताई धरून विद्यापीठातले आम्ही चार संशोधक हा ब्लॉग लिहितो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहावं, हा धडा जगाला मीच दिला. आमच्याच फोटोंची वर्णनं मात्र राहून गेली. घाई असते हो, असं म्हणायचो.

"अहो संपादक, यात आहे तरी कोण?" नलूताईंनी विचारलं.

"प्रयोगशाळेचं उद्घाटन. तुम्हीही आहात."

"मी? मग सांगा की, कशी दिसतेय?"

न पाहू शकणाऱ्या माणसासमोर आपण किती निर्धास्त वागतो! पाहुण्यांचा हार मधोमध यावा म्हणून मी फोटोची कड कापली होती. त्या कडेला नलूताई होत्या. इतकी वर्षं गप्प राहिलो, आज सांगून टाकलं, "तुमचा अर्धा चेहरा मी कापलाय. तुम्हाला कुठे कळणार, असं वाटलं."

त्या हसल्या नाहीत. "मग तेच लिहा वर्णनात. मोबाईल वाचेल, मी ऐकेन."

"उजवीकडे डॉ. नलिनी" एवढं लिहून झालंय. पुढे हात चालत नाही. आणि त्या शेजारीच मोबाईल कानाशी धरून बसल्या आहेत.