दोघांचं वजन न घेणारी होडी

कारखान्याच्या कँटीनमध्ये मी एक वाक्य फेकलं, तिथूनच सगळी गोची झाली. "वडिलांची होडी गळकी आहे रे, नाहीतर तुम्हाला धरणात मस्त फिरवून आणलं असतं." शेजारी आमचा वेल्डर जेवत होता. डब्यातून मान वर न काढताच त्याने विचारलं, "पत्र्याची आहे का?" मी हो म्हटलं आणि अडकलो.

खरं म्हणजे मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही; पाणी कमरेच्या वर आलं की श्वास कोंडतो. मासेमाराच्या मुलाने हे सांगायचं तरी कुणाला? वडील गंगापूर धरणात मासे धरायचे, घर काठावरच. पोराला सोबत का नेत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "होडी जुनी हाय, दोघांचं वजन नाय घेत." लहानपणी मी मनातल्या मनात त्या होडीचे आभार मानायचो. वडील गेल्यावर ती दाराशी पालथी पडली, तळ गंजून भोकं पडली आणि मी निर्धास्त झालो.

पुढच्याच रविवारी वेल्डर सिन्नरहून मशीन टेम्पोत टाकून हजर. सोबत त्याचा गॅरेजवाला दोस्त, डेंटिंग-पेंटिंग करणारा. मजुरीचं नाव काढलं की दोघं चिडायचे. फुकट राबणाऱ्या मित्राला थांबवणार कसं? मी जमेल तेवढे अडथळे आणले. इथे सारखी वीज जाते म्हटलं, तर जनरेटर आला. असा पत्रा आता मिळत नाही म्हटलं, तर गॅरेजवाल्याने ट्रकच्या बॉडीतला उरलेला पत्रा आणला. आई त्यांना कौतुकाने भाकरी आणि माशाचं कालवण वाढायची. माझी पळवाट भोकाभोकाने बुजत होती आणि बुजवणाऱ्यांना चहा मीच पाजत होतो.

शेवटचा तुकडा जोडून झाल्यावर वेल्डरने तळावर हातोडी ठोकून पाहिली. "तुझे वडील लय भारी माणूस. मधे दुहेरी पत्रा मारलाय. पहिल्यापासूनच चार जण आरामात बसले असते हिच्यात."

"दोघांचंही वजन घेत नाही ती," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

म्हणणारे वडीलच होते. म्हणजे वडिलांना सगळं ठाऊक होतं. जन्मभर ते माझ्यासाठी लोकांशी खोटं बोलले आणि मला कळूही दिलं नाही. मला भडभडून आलं. पाणी आणतो सांगून घरात गेलो आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो.

रंग वाळला, होडी पाण्यात ढकलली. आत थेंब आला नाही. दोघं उड्या मारून बसले. दोर माझ्या हातात होता.

"चल, ये!" ते ओरडले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "त्याला नका बोलवू रं. तिसऱ्याचं वजन नाय घेत ती."

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे न बघता पदर खोचत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

मग मला ते सोसवेना. "मला पाण्याची भीती वाटते," मी मोठ्याने सांगितलं. "लहानपणापासून."

होडीत गॅरेजवाल्याने वल्हं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"आम्हाला वल्हवता येत नाही," वेल्डर हळूच म्हणाला. "तुझ्या भरवशावर बसलो ना यार!"

आईला हसू आवरेना. तिचं माहेरही मासेमारांचंच. चपला काढून ती पाण्यात शिरली, सरळ होडीत चढून बसली आणि तिने वल्हं हातात घेतलं. तिसऱ्याचं वजन न घेणारी होडी तिघांना घेऊन झोकात निघाली आणि दोर संपला तिथे थांबली.

"सोड की रं," आई म्हणाली.

माझी मूठ उघडेना.