फत्तेमारीवरचं इष्टलिंग

भूतखेत, साक्षात्कार, अंगात येणं... यातलं काहीही मला आजवर पटलेलं नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. घरात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून स्वयंपाकघरात जायची. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण माझा थोरला भाऊ, अण्णा, मागच्या महिन्यात गेला आणि आता हे माहीत असणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

निजामाचं राज्य होतं. आम्ही तामलवाडीचे लिंगायत, अप्पांचं भुसार मालाचं दुकान. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि अण्णा आत्याकडं रत्नागिरीला गेलो. समुद्र दोघांनीही कधी बघितला नव्हता. आत्याच्या यजमानांच्या ओळखीच्या तांडेलानं आम्हाला त्याच्या फत्तेमारीवर दिवसभर फिरवून आणायचं कबूल केलं. भलंमोठं शिडाचं जहाज, मान दुखेपर्यंत वर बघावं अशा डोलकाठ्या. सकाळभर आम्ही नुसते हसत होतो.

दुपारी जेवणाआधी अण्णा पूजेला बसला. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आमच्यात घास उचलत नाहीत. प्यायचं पाणी जपून वापरा, असं तांडेलानं बजावलेलं. म्हणून अण्णानं, विहिरीत पोहरा सोडावा तसा, दोरी बांधून तांब्या समुद्रात सोडला. डाव्या हातात लिंग, उजव्या हातात दोरी. विहीर जागची हलत नाही, जहाज पळत असतं — हे आम्हा कोरडवाहू लोकांच्या डोक्यात कुठून येणार! तांब्या भरला आणि दोरीला असा हिसका बसला की अण्णा कठड्यावर आदळला... डावा हात रिकामा.

तो डोलकाठीला टेकून बसला. मी पाणी नेलं तर म्हणाला, "न्हाय शांते. गुरूच्या हातनं दुसरं मिळंस्तवर पाणी बी न्हाय."

आमचे गुरू गावाकडच्या मठात. तिथवर कित्येक दिवसांचा प्रवास, तोही वैशाखाच्या उन्हात. हा वाटेतच मरणार, हे मला सरळ दिसत होतं. तांडेलाला म्हटलं, जहाज वळवा. "वारा फिरला नाय तर मी काय करू, बाय?" त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, भीती नाही. पाण्याचं भांडं धरून नुसती बसून राहिले.

मग पोत्यांच्या आडून एक म्हातारा आला. कपाळभर विभूती, पायांना धूळ. अण्णासमोर बसून म्हणाला, "लेकरा, डावा हात फुडं कर." फडक्यात बांधलेलं इष्टलिंग त्यानं सोडून तळहातावर ठेवलं, कानात मंत्र सांगितला, पुन्हा बांधून गळ्यात घातलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "आता पाज त्येला."

मी पाजलं. वळून बघते तर कुणी नाही. आश्चर्यही वाटलं नाही, इतकी मी बधिर झाले होते. संध्याकाळी उतरताना तांडेलाला विचारलं, तर तो हसला. "तुम्ही दोघं आणि माझे खलाशी. म्हातारा कुठला आणू?"

परतताना निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी आमचं सामान उपसलं, तेव्हाही मी नुसती बघत उभी होते.

घरी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी फडकं सोडून झटकलं. घडीतून काळी माती सांडली... रत्नागिरीची माती तर तांबडी. लिंगाच्या कडेला टवका होता. त्यावरून अप्पांनी अंगठा फिरवला.

"ह्ये माझ्या थोरल्या भावाचं हाय. टवका आमी ल्हान असताना माझ्याच हातनं उडाला. त्यो गेला तवा म्याच त्येच्या तळहातावर ठिवलं आन् माती लोटली."

आमच्यात पुरताना इष्टलिंग हातातच ठेवतात. हे काका अण्णाच्या जन्माआधीच गेलेले.

मी म्हटलं, "अप्पा, एकदा उकरून बघू. खरं-खोटं कळंल."

अप्पांनी फडक्याला पुन्हा गाठ मारली. "तिथं नसलं तर ठीक. आन् असलं तर? ह्येच्या गळ्यातलं काढून घिऊ? पुन्यांदा पाणी सोडंल की त्यो."

कुणी उकरलं नाही. अण्णानं संसार केला, नातवंडं खेळवली. मागच्या महिन्यात तेच इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून आम्ही त्याला माती दिली. मला रडू आलं नाही. शेजारीच काकांची जागा, पुरणाऱ्यांच्या हातात कुदळ. आता उकरून बघायला कुणाचंच काही जाणार नव्हतं. मी त्यांना हाक मारली, ते थांबले...

"काही नाही," म्हटलं, "चला घरी."