माणूस नसलेलं यान

वामन गेल्याची बातमी मला चामोर्शीच्या आठवडी बाजारात मिळाली. वांगी निवडत होतो. मागून ‘सर’ अशी हाक आली. कुरखेड्याच्या शाळेतला माझा जुना विद्यार्थी होता, आता एका धानाच्या व्यापाऱ्याकडे कामाला असलेला. “आपले वामन सर गेले नं सर. परवा. शाळेतच छातीत दुखलं म्हंतेत.” मी हातातलं वांगं परत पाटीत ठेवलं. मग मला बरं वाटावं म्हणूनच असेल, तो म्हणाला, “थे त्याइचं रॉकेटचं नाटक... काय हासलो होतो सर आमी तवा. तुमचा थो चौकीदार. ‘आपला मानूस पाठवला असता तं नदीवरूनच वापस आला असता, अन् शिदोरी वाटंनंच खाऊन घेतली असती.’ आमच्या घरी अजून म्हंतेत.” वाक्य म्हणताना त्यानं माझ्यासारखी मानही उडवली. भाजीवाली हसली, तिच्याजवळची दोन गिऱ्हाइकं हसली... आणि मीही हसलो. मित्र गेल्याचं कळून पुरता क्षणही झाला नव्हता. या गोष्टीला आता महिना उलटून गेला आहे. ते हसू अजून तोंडावरून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

वामन आणि मी एकाच वर्षी कुरखेड्याच्या शाळेत लागलो. तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातलं त्याचं बौद्ध कुटुंब. वडील दुसऱ्यांच्या धानात राबून गेलेले. आई त्याच्याजवळ राहायची, तिला सगळी शाळा माय म्हणायची. शाळेच्या वाचनालयात रशियाचं एक गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं आणि पोरं त्याची पानं फाडून पुस्तकांना कव्हरं घालायची. वामननं फाडायला बंदी घातली. स्वतः सगळं वाचून झाल्यावर तो ती पानं नीट कापून वाटायचा. त्यामुळं आमच्या शाळेत गणिताच्या पुस्तकावर ट्रॅक्टर आणि भूगोलाच्या पुस्तकावर रॉकेट असं सर्रास दिसे. माझ्या विनोदांवर तो कधी वेळेवर हसला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत एकदम खुदकन हसायचा. मी पाहिलं की म्हणायचा, “कालचं तुझं आता समजलं बे.”

आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नट म्हणजे कोणी मास्तर, कोणी शेतकरी. पाठांतराला वेळ कोणाला असतो? सगळं नाटक प्रॉम्प्टरच्या जिवावर चालतं. वामन आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर होता. त्याचा आवाज नटाच्या कानाशी पोचायचा आणि पहिल्या रांगेच्या अलीकडेच थांबायचा. मी विनोदी नट. रंगमंचावर कोणी अडकलं, शांतता पडली, की सगळे माझ्याकडे बघायचे. मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची, हा आमचा न लिहिलेला करार होता.

त्या वर्षी आपला एक वैमानिक रशियाच्या अवकाशस्थानकावर जाऊन आला आणि पोरांनी वर्गावर्गात त्याची चित्रं लावली. वामनला मात्र त्या बातम्यांत भलतंच काही सापडलं. महिनोन्‌महिने वर राहणाऱ्या माणसांना खायला-प्यायला कोण नेऊन देतं, हा त्याचा प्रश्न. उत्तर त्या मासिकात निघालं. एक यान वर पाठवतात, ज्यात माणूसच नसतो. नुसतं अन्न, पाणी, हवा, इंधन, घरची पत्रं. ते आपलं आपण स्थानक शोधतं, त्याला जाऊन जुळतं. वरची माणसं दार उघडून सामान उतरवून घेतात, रिकाम्या जागेत कचरा भरतात आणि त्याला सोडून देतात. खाली येता येता ते हवेत जळून जातं. मी म्हटलं, त्यात एवढं काय, मालगाडी आहे ती. “मालगाडीले डायव्हर राह्यते,” तो म्हणाला. “ह्याच्यात कोनीच नाई. म्हनून कोनाले भेव लागत नाई. कोनी अर्ध्यातून वापस येत नाई.” मला तेव्हा तो नुसता विज्ञानाचा मास्तर बोलतोय असं वाटलं.

त्यावर त्यानं नाटक लिहिलं. नाव ‘शिदोरी’. आपल्याकडच्या एका म्हातारीचा मुलगा वर स्थानकात आहे. यान जाणार म्हणून कळल्यावर ती शिदोरी बांधून उड्डाणाच्या तळावर येते आणि साहेबाला विचारत राहते की शिदोरीबरोबर कोण जाईल, त्याच्या हातात कोण देईल. साहेब सांगतो, कोणी जात नाही माय, तरी पोचते. पहिल्या अंकाच्या शेवटी यान सुटतं. तिथं वामननं संवादच लिहिला नव्हता. यान दिसेनासं होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, म्हातारीनं नुसतं वर बघायचं. मंडळाच्या लोकांनी कुरकुर केली. मंडईत लोक हसायला येतात, ह्या नाटकात तर प्रेमाचं गाणंसुद्धा नाही. शेवटी तळावरचा एक चौकीदार घालून माझी सोय केली आणि म्हातारीच्या भूमिकेसाठी वडश्याहून एक बाई ठरवली.

रॉकेट आम्ही शाळेच्या ओट्यावर केलं. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, वरून चंदेरी कागद. सुट्टीच्या एका दुपारी आम्ही दोघंच कागद चिकटवत होतो. मी पुन्हा म्हटलं, त्या शांततेत लोक ओरडतील, एखादं वाक्य दे. तेव्हा त्यानं खळीचा हात पुसला आणि मला शकूचं सांगितलं.

शकू त्याची धाकटी बहीण, पर्लकोटा नदीच्या पलीकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ती तापानं गेली आणि पूर उतरल्यावरच घरी कळलं, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते असं. त्याच्या थोडे दिवस आधी मायनं लेकीसाठी बांधून दिलेली शिदोरी घेऊन वामन निघाला होता. मुरमुऱ्याचे लाडू, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी. आलापल्लीपर्यंत एसटी, पुढं लाकडाचा ट्रक, मग चालत. नदी भरून वाहत होती. डोंगेवाला न्यायला तयार होता. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया डोंग्यात बसल्यासुद्धा. वामनला पाय टाकवेना. पुढच्या खेपेला जाऊ म्हणाला, मग त्याच्या पुढच्या. दिवसभर तो काठावर बसून राहिला. भूक लागली तेव्हा त्यानं शिदोरी सोडली आणि खाल्ली. उरलेली वाटेत कुत्र्यांना घातली. घरी येऊन सांगितलं, पोचवली. शकूला त्या दिवशी ताप होता की नव्हता, कोणालाच माहीत नाही. पण ती गेल्यावर मायजवळ एवढाच आधार उरला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, माझ्या हातचं खाऊन गेली पोरगी. वामन शेजारी बसून ते ऐकायचा.

“मी तिले सांगनार हाओ,” तो मला म्हणाला. “नाटक झाल्यावर. पयले तिले थे यान जाताना पाहू दे. शांततेनं पाहू दे. मंग सांगीन. तू तेवढा वेळ तोंड बंद ठेव, मधू.” मी कान पकडून कबूल केलं.

मंडईच्या दिवशी माय पहिल्या रांगेत तणसीवर घोंगडी टाकून बसली होती. अंक चांगला चालला. शेवटी राळेचा भडका उडाला, धूर झाला, मागं दोघांनी दोर ओढला आणि आमचं चंदेरी रॉकेट हेलकावे खात वर निघालं. वडश्याच्या बाईनं मान वर केली. विंगेत वामननं प्रॉम्प्टची वही मिटून मांडीवर ठेवली. शांतता पसरली... रॉकेट हळूहळू जात होतं. मागून कोणीतरी म्हणालं, “भुल्ले वाटते.” एक शिट्टी वाजली. नंतर मी पुष्कळांना सांगितलं की शांतता पडली की बोलायची सवय जिभेला होती, ती घसरली. कित्येक वर्षं स्वतःलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. मी विंगेकडे पाहिलं होतं. वामननं तळहात वर करून मला थांबायला सांगितलं होतं आणि तो मला दिसला होता. मला हेही दिसलं होतं की सगळं मैदान माझ्याकडे बघतंय, हसायला तयार बसलंय, फक्त एका वाक्याची देर आहे. आणि माझ्याजवळ जे वाक्य होतं ते त्यानंच दिलेलं होतं. मी दंडुका फिरवत पुढं आलो आणि बोललो.

आमच्याकडं पूर आला की एसटी बंद पडते, माणसं नदीवरून परततात, हे कोणाला ठाऊक नाही? मैदान फुटलं. वन्स मोअर आला. मी मान उडवून वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी माझी नजर पहिल्या रांगेवर गेली. माय हसत नव्हती, रडतही नव्हती. काही ऐकायचं राहून गेल्यासारखी ती शेजारच्या बायांच्या तोंडाकडे बघत होती.

सकाळी चौकीदाराची टोपी परत द्यायला मी वामनच्या घरी गेलो. त्याला सामोरं जायचं धैर्य होतं म्हणून नव्हे. रात्रीची वाहवा अजून अंगात होती आणि तो रागावला असेल तर हसून मिटवू असं वाटत होतं. मायनं चहा दिला. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली.

“मास्तर, शिदोरी वाटंनंच खाऊन घेतली म्हनलं तुमी. थे कोनं सांगतलं तुमाले?”

“कोणी नाही माय. तोंडाला आलं ते बोललो. नाटकच ते.”

ती मान हलवत होती. माझं तिनं मानलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण वामन दारात उभा होता, कमच्यांचा भारा खांद्यावर घेऊन. “मीच सांगतलं होतं, माय,” तो म्हणाला.

मी चहा अर्धा टाकून उठलो. पुढं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, विचारायचा हक्कही नव्हता. माय त्यानंतर फार जगली नाही. पण ‘माझ्या हातचं खाऊन गेली’ हे वाक्य त्या घरात पुन्हा कोणी ऐकलं नाही. शकूचा विषय निघाला की ती नुसतं ‘गेली’ म्हणायची.

आणि मी काय केलं? त्या हंगामात गावोगावहून ‘चौकीदाराचं नाटक’ मागायला लोक आले. वामननं वही मंडळाच्या हवाली केली आणि प्रॉम्प्टिंग सोडलं. मी प्रत्येक मंडईत ते वाक्य म्हटलं. एका गावात तर वर खाण्याचा अभिनयही जोडला. एकदा बोलून गेलो ही चूक म्हणता येईल. पुढच्या वेळांना काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

वामननं माझ्याशी बोलणं तोडलं नाही. शिक्षकांच्या खोलीत तो शेजारीच बसायचा, माझ्या डबीतली सुपारी घ्यायचा. तोडलं असतं तर मला निदान काही जोडायला मिळालं असतं. खूप दिवसांनी, खोलीत आम्ही दोघंच असताना, मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “सांगनारच होतो मी, मधू. फक्त लोकाइच्या हासन्यात नव्हतं सांगाचं.” तेवढ्यात घंटा झाली. तो खडू घेऊन वर्गावर गेला. त्यानंतर माझी चामोर्शीला बदली झाली.

बातमी कळल्यावर मी कुरखेड्याला गेलो. हे सगळं लिहू का, असं वामनच्या बायकोला, विमलवहिनींना विचारलं. त्याची गोष्ट मी एकदा न विचारता सांगून बसलो होतो. “लिवा,” त्या म्हणाल्या. “पन हासू येईन असं नका लिवू, भाऊजी.”

निघताना त्या आतून फडक्यात बांधलेला डबा घेऊन आल्या. सुजाता, त्यांची मुलगी, ब्रह्मपुरीला डी.एड. करते, होस्टेलात राहते. आमच्याकडं शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं जातात. सकाळी कंडक्टरच्या हाती द्यायचा, पोर स्टँडवर येऊन घेऊन जातं. वामननं तसा डबा कधी पाठवला नाही म्हणे. दर रविवारी स्वतः बसमध्ये बसायचा. “कंडक्टरजवळ द्या म्हनलं तं आयकेच ना,” वहिनी म्हणाल्या. “आता मी तसाच पाठवन. पन आज तुमी चाल्ले तं...” माझा रस्ता ब्रह्मपुरीवरून जात नव्हता. मी डबा घेतला.

सुजाता होस्टेलच्या फाटकाशी आली. डबा घेऊन आत जाईल असं मला वाटलं, तर ती तिथंच पायरीवर बसली आणि गाठ सोडू लागली. मी म्हटलं, आत जाऊन निवांत खा पोरी.

“नाई काका, बाबाले दाखवा लागे,” ती म्हणाली. “मी खाल्ल्याबिगर थे वापस जातच नव्हते.”

तिनं एक घास मोडून खाल्ला, गिळला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी ऐकायचं असल्यासारखं. या जागी वामन काय म्हणायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं दुसरा घास घेतला.