उजवा कौल

ही गोष्ट सांगायची मी पाच वर्षं टाळली. देवळात ओळखीची माणसं आपापले अनुभव सांगत बसली की मी चपला शोधायला उठायचो. माझ्या अनुभवात देवाची कृपा आहे, पण ती सांगायची तर आधी माझं खोटं सांगावं लागतं. आता वय झालं. लिहून तरी ठेवावं.

माझी नात मनवा जन्मापासून यकृताची रोगी. दोन महिन्यांची असताना मुंबईत तिच्या पित्तनलिकेची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही डोळे पिवळसर, पोट पुढे आलेलं, अंगाला सतत खाज. प्लीहा वाढलेली, म्हणून पोटाला मार लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. माझी पत्नी आधीच गेलेली. मालवणजवळच्या आमच्या घरात मी, सून विनया आणि मनवा एवढीच माणसं. त्यामुळे घरात शब्द माझाच चालायचा.

मनवा साडेपाच वर्षांची झाली तेव्हा विनयाने शाळेचं काढलं. डॉक्टरही तेच म्हणत होते. अशा मुलांचं निम्मं बालपण दवाखान्यात जातं, हाताची बोटं कच्ची राहतात, बोलणं मागे पडतं, म्हणून यांना शाळा इतरांपेक्षा जास्त हवी. हे मला समजत नव्हतं असं कसं म्हणू? मी एकतीस वर्षं गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. मूल शाळेला तयार झालं की नाही हे मी उंबऱ्यातच ओळखायचो. पेन्सिल धरता येते का, एका जागी बसतं का, अनोळखी माणसाला आपलं नाव सांगतं का. पण मनवाला मी नको म्हणालो. चेंडू लागेल, कुणी ढकलेल, अशी भीती घातली. भीती खरी होती, पण तिच्याखाली लाज होती. ज्या शाळेत मला सगळे गुरुजी म्हणायचे, तिथे माझ्या नातीला पोरं ‘हळद’ म्हणून चिडवणार, हे मला सोसवत नव्हतं.

विनयाने वाद घातला नाही. ती म्हणाली, देवाला कौल लावू, देव सांगेल तसं करू. आमच्याकडे कठीण प्रश्न ग्रामदेवतेसमोरच सुटतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिला त्या दिवशी देवळात जाता येत नव्हतं, म्हणून मी एकटाच गेलो. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी पडली. म्हातारा गुरव हसून म्हणाला, “देवान उजवो दिल्यान. चेडवाक शाळेत घाला, गुरुजी.”

देऊळ ते घर दहा मिनिटांची वाट. त्या दहा मिनिटांत मी काय विचार केला, मला आठवत नाही. विनया दारातच उभी होती. मी पायरीवरूनच सांगितलं, “डावो इलो.” तिने हात जोडले आणि आत गेली.

पुढचं वर्षभर मनवा घरात राहिली. कुणी आलं की मी तिला आतल्या खोलीत पाठवायचो. आजाराबद्दल बाहेर बोलायचं नाही, अशी तंबी दिलेली.

त्यानंतरच्या माघात विनयाची आई पडली, म्हणून विनया दोन दिवस आधी कणकवलीला माहेरी गेली. मनवाला घेऊन मी मागून जायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मनवा म्हणाली, “आजोबा, शी काळी झाली.” मला बस गाठायची घाई. रक्तवाढीच्या औषधाने झाली असेल म्हणून मी तिला फ्रॉक चढवला आणि निघालो. कट्टा गाव मागे पडल्यावर तिला उलटी झाली. मी पिशवी धरली. उलटी तपकिरी-काळी होती. कंडक्टरने विचारलं तेव्हा मी म्हणालो, गाडी लागली. मनवाचा हात माझ्या हातात थंड पडत चालला होता, तरी सवयीने मी तेच बोललो.

पुढच्या बाकावर एक मासेवाली बसली होती, टोपली पायाशी. ती मागे वळली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. मनवाला म्हणाली, “काय होता गो बाय तुका?”

मनवाने तिच्याकडे बघत विचारलं, “तुम्ही शाळेतल्या बाई?”

त्या बाईने टोपली पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, “होय गो. मीच बाई. सांग.”

मनवा सरळ बसली. मी कधी ऐकला नव्हता अशा स्पष्ट आवाजात, शुद्ध मराठीत, पाठ केलेलं म्हणावं तसं ती म्हणाली, “माझं नाव मनवा. माझं यकृत आजारी आहे. माझ्या पोटाला लागू द्यायचं नाही. शी काळी झाली किंवा काळी उलटी झाली तर पोटात रक्त येतं. मग लगेच दवाखान्यात न्यायचं आणि आईला फोन करायचा.” पुढे तिने विनयाच्या फोनचे दहाही आकडे सांगितले. मग हळूच म्हणाली, “आज दोन्ही झालं.”

मासेवाली उठून उभी राहिली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, “रे भावा, कसालाक वळव गाडी. ओरोसच्या हॉस्पिटलात घे. वाटेत खंय थांबा नको.” गाडीतल्या कुणीही हरकत घेतली नाही. कसालला कणकवलीकडे वळायची गाडी ओरोसकडे वळली. ती बाई मनवाला कुशीवर निजवून तिचं डोकं मांडीवर धरून बसली होती. दुसऱ्या हाताने तिने विनयाला फोन लावला. मी नुसती पिशवी धरून होतो. रुग्णालयाच्या दारात तिने मुलीला परिचारिकेच्या हाती दिलं. मी आभार मानायला वळलो तोवर गाडी तिला घेऊन निघून गेली होती. पुन्हा ती दिसली नाही. मालवणच्या बाजारात मी तिला पुष्कळ दिवस शोधलं.

तिथून मनवाला गोव्याला हलवलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधल्या. तीन दिवस काही सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

चौथ्या दिवशी मनवाने पेज मागितली, तेव्हा विनया बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. वर्षभर ती मनवाला स्वयंपाकघरात बसवून शिकवत होती. पेन्सिल धरणं, बटणं लावणं, बाईंना आपला आजार नीट सांगणं. कधीतरी देव होय म्हणेल, तेव्हा पोर तयार असावी, म्हणून. हे सांगून ती मान खाली घालून म्हणाली, “बाबा, देवान नको म्हटलेला, तरी मी तिका लपान शिकवलंय. तेचीच शिक्षा काय ही?”

त्याच क्षणी बोलायचं होतं. मी म्हणालो, “असा काय नसता गो.” एवढंच.

जूनमध्ये मीच पुन्हा कौल लावल्याचं सांगितलं आणि मनवा शाळेत गेली. आता ती पाचवीत आहे. तपासण्या, औषधं चालू आहेत, पुढे काय वाढून ठेवलंय ते देव जाणे. विनया मात्र तेव्हापासून दर सोमवारी उपाशीपोटी, अनवाणी देवळात जाते. न केलेल्या अपराधाची क्षमा मागते. गेल्या वर्षी गुरव वारला, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची जेवढी शरम वाटली, तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

चमत्कार होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी कौल मागितला होता, पण मान्य केला तो माझ्या भीतीचा. आईच्या हातून देवाने आपला शब्द खरा केला, आणि तिला वाटत राहिलं की ती देवाचा शब्द मोडतेय. शरण जाणं म्हणजे मिळालेलं उत्तर आहे तसं घरी आणणं, एवढंच मला कळलं. तेही उशिरा.

मागच्या सोमवारी ठरवलंच होतं. विनया देवळातून येऊन मागच्या दारी पाय धूत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, “चाय ठेवू काय, बाबा?” मी म्हणालो, “ठेव.” ती आत गेली.

मला म्हणायचं होतं ते हे. विनया, कौल उजवो होतो. देवान होयच म्हटलेला. तुझा काय्येक चुकला नाय गो. चुकलंय तो मी. माका माफ कर.